नाकाचा अन् मायेचा काय संबंध?

सन्माननीय अध्यक्षा श्रीमती सुलोचनाबाई ढोले, मुख्याध्यापक श्री. ताराचंद इखार सर, व्यासपीठावर माझ्या शेजारी बसवल्यामुळे अवघडून गेलेले माझे यजमान श्री. देवेंद्र उमाटे, माझे शिक्षक व शिक्षकेतर सहकारी, सेलू आणि आसपासच्या गावांतून आलेले पालक, आणि मागे सतरंजीवर बसून ‘मॅडमचं भाषण लवकर संपू दे’ असं मनात म्हणणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

इखार सर आत्ता माझ्याबद्दल फार चांगलं बोलले. त्यातलं एक वाक्य माझ्या मनाला टोचलं. ते म्हणाले, “उमाटे मॅडमच्या चेहऱ्यावर मी कधी गोंधळ पाहिला नाही.” सर, आपण प्रेमानं बोललात, पण ते खरं नाही. मागची दोन वर्षं मी गोंधळलेलीच आहे. मघाशी तुम्ही निशिगंधाचा गुच्छ दिला, फोटोवाला म्हणाला, “मॅडम, जरा वास घेतल्यासारखं करा.” मी केलं. फोटो छान आला असेल. पण मला जो वास आला तो निशिगंधाचा होता की नाही, हे मी इथे छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तर आज माझ्या सेवानिवृत्तीच्या सत्काराला शाळेच्या आठवणी सांगण्याऐवजी मी हीच गोष्ट सांगणार आहे. आयुष्यभर ज्ञानेंद्रियांचा धडा शिकवला, त्यामुळे थोडं विज्ञानही येईल. आणि घरातली बोलणी घरच्याच भाषेत येतील. सुलोचनाबाई, आपण भाषेच्या शिक्षिका होतात, गुण कापायचे असतील तर कापा.

दोन वर्षांपूर्वी, थंडी सरता सरता, मला ताप आला. साधा, सर्दीचा. अंग दुखलं, डोकं दुखलं, उतरलं. त्याच सुमारास माझी मुलगी प्रेरणा पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. कारंज्याला दिलेली आहे ती, घाडग्यांच्या कारंज्याला. जावई अमरराव यांचा तिथे हायवेवर ढाबा आहे, आणि ढाब्याच्या मागेच घर. तर मी ताप उतरल्यावर लगेच कामाला लागले. डिंक तळायचा होता, खोबरं भाजायचं होतं. मी गॅसपाशी उभी राहून दूध तापवत होते आणि खिडकीतून शेजारणीशी बोलत होते. हे समोरच्या खोलीतून धावत आले.

“अवं, दूध जळून राह्यलं न! सारं घर भरलं वासानं.”

मी खाली पाहिलं. पातेल्याचा तळ काळा झाला होता, धूर वर येत होता. मी त्या धुरात उभी होते आणि मला काही म्हणजे काहीच कळलं नव्हतं.

“तुले वास नाई येऊन राह्यला का?” ह्यांनी विचारलं.

“सर्दी आहे,” मी म्हणाले. पण सर्दी नव्हती. नाक मोकळं होतं. श्वास आरपार जात होता. त्या श्वासात फक्त काही नव्हतं.

त्या दिवशी जेवायला सांबारवडी होती, पुस्तकी भाषेत कोथिंबीरवडी. माझी आवडती. मी तोंडात टाकली, आणि ती मला खारट आणि तिखट लागली. एवढंच. खारट, तिखट, आणि कुरकुरीत. सांबार कुठे गेला, खसखस कुठे गेली? मी प्रेरणाला म्हणाले, “मसाला टाकला नाई का वं?” ती माझ्याकडे पाहतच राहिली. मसाला मीच कालवला होता.

विद्यार्थ्यांनो, तुम्हाला आठवत असेल, मी वर्गात संत्र्याच्या आणि आंब्याच्या गोळ्या आणायची. डोळे मिटा, नाक चिमटीत धरा आणि गोळी तोंडात टाका. काय लागतं? सगळे ओरडायचे, “आंबटगोड!” संत्रं की आंबा, हे कोणालाच सांगता यायचं नाही. मग मी म्हणायची, आता नाक सोडा. आणि सोडल्याबरोबर वर्गात “संत्रं! संत्रं!” असा गलका व्हायचा. कारण आपण ज्याला चव म्हणतो तिच्यातला मोठा हिस्सा नाकाचा असतो. जिभेला मोजकंच कळतं. गोड, आंबट, खारट, कडू, आणि वरणाला, मटणाच्या रश्श्याला जो एक भरलेला, मुरलेला स्वाद असतो, तो. तिखट तर चवच नाही, तो जळजळीचा निरोप आहे, वेदनेच्या वाटेनं जाणारा. बाकी सगळं, म्हणजे घास चावताना त्यातून जो बारीक गंध सुटतो, तो घशाच्या मागून वर नाकात चढतो, तेव्हा संत्रं संत्रं होतं.

हे सगळं मी शिकवलेलं. आणि त्या संध्याकाळी हे किराण्याच्या दुकानातून गोळ्या घेऊन आले, माझे डोळे मिटायला लावले, आणि एकेक गोळी देत विचारत राहिले, “कोणती?”

“आंबटगोड.”

“अन् हे?”

“आंबटगोड.”

नाक मी धरलेलंच नव्हतं. मग सोडणार काय?

वर्धेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि म्हणाले, नाक स्वच्छ आहे. नाकाच्या अगदी वरच्या बाजूला, दोन डोळ्यांच्या मधोमध, पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा असते. वास घेणाऱ्या पेशी तिथे असतात. तापाच्या विषाणूनं तिथे नासधूस केली. मी विचारलं, “परत येईल का?” ते म्हणाले, “बहुतेक.” “कधी?” “ते सांगता येत नाही.” पुढे म्हणाले, शरीरातल्या बहुतेक चेतापेशी एकदा गेल्या की गेल्या, पण वासाच्या पेशी पुन्हा उगवतात. मी त्यांना म्हणाले, हे मला माहीत आहे, मी शिकवते. ते हसले. मला हसू आलं नाही.

आणि मग बाळ झालं. मुलगी.

दवाखान्यात प्रेरणाच्या सासूबाई आनंदाबाई आधी आल्या होत्या. त्यांनी बाळाला घेतलं, त्याच्या टाळूवर नाक टेकवलं आणि डोळे मिटून म्हणाल्या, “अहाहा, कसा वास येते व माय!” मग ह्यांनी घेतलं. आयुष्यभर तहसिलीत फायली पाहिलेला माणूस, त्यानंही नाक टेकवलं आणि डोळ्यांत पाणी आणलं. मग बाळ माझ्या हातात आलं. मी पण वाकले. श्वास घेतला. पुन्हा घेतला.

काही नाही.

आयाबायांनो, हे कसं सांगावं मला अजून कळत नाही. माझ्या हातात माझी नात होती. तिचं वजन हाताला कळत होतं, ऊब कळत होती. नाक थेट ह्यांच्यासारखं, तेही दिसत होतं. पण जणू काचेपलीकडून पाहत होते. दुसऱ्या कोणाचं तरी लेकरू कोणीतरी धरायला दिलं आहे आणि थोड्या वेळानं परत घेणार आहे, असं. प्रेरणा जन्मली तेव्हा असं नव्हतं झालं. तेव्हा तिला छातीशी घेतल्याबरोबर आत काहीतरी धाडकन उघडलं होतं. इथे मी दार वाजवत उभी होते आणि आतून कोणी ओ देत नव्हतं.

मग मी भ्याले. मी चांगली आजी नाही का? माझं काय बिघडलं, नाक की मन?

घरी आणल्यावर आमच्या घरात काय काय वास असतील, तुम्हीच विचार करा. ओव्याची धुरी, तिळाचं तेल, बाळंतशोपा, हळिवाची खीर. बाळंतिणीची खोली डोळे मिटून ओळखता येते. मला उघड्या डोळ्यांनी ती साधी खोली दिसायची. बाळानं लंगोट ओला केला की खराब केला, हे सगळ्यांना दारातून कळायचं, मला उघडून पाहावं लागायचं. मी अंघोळ घालायची, शेक द्यायची, सगळं नीट करायची. आणि झालं की लगेच बाळ दुसऱ्याच्या हातात द्यायची. तोंड जवळ न्यायला मला भीती वाटायची. पुन्हा काहीच नाही आलं तर?

मी हे कोणाला सांगितलं नाही. वास येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पण बाळ परकं वाटतं, हे कोणती आजी बोलेल?

प्रेरणा पाहत होती. एका दुपारी बाळ झोपलं होतं, मी लंगोट घडी करत होते. तिनं विचारलं, “आई, एक विचारू? रागावशील नाई?”

“विचार न.”

“मले मुलगी झाली म्हणून तुले वाईट वाटलं का?”

ज्या बाईनं या शाळेत पालकसभांमध्ये मुलींच्या शिक्षणावर घसा कोरडा केला, तिला तिची मुलगी हे विचारत होती.

“काऊन असं म्हणतं वं?”

“तू तिले जवळ घेतच नाई. सासूबाई घेतात, बाबा घेतात. तू काम करते अन् ठेवून देते. मी पाहून राह्यली न पहिल्या दिवसापासून.”

मी म्हणाले, “बेटा, माह्या नाकाले काई येत नाई. तिचा वास येत नाई मले. म्हणून…”

प्रेरणा म्हणाली, “नाकाचा अन् मायेचा काय संबंध?”

मी विज्ञानाची शिक्षिका. मला उत्तर माहीत होतं. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत एका मधल्या चौकीवर थांबून पुढे जातं. वास मात्र बराचसा थेट जातो, जिथे आठवणी आणि भावना राहतात त्या भागात. म्हणून तर एखाद्या जुन्या ट्रंकेचा वास आला की आपण चाळीस वर्षं मागे जातो आणि का गेलो ते कळत नाही. हे सगळं मी तिला सांगितलं. आकृती काढायचीच काय ती बाकी ठेवली. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, “असन.” त्या एका शब्दात तिचा विश्वास बसलेला नव्हता. आणि खरं सांगू का? माझाही पूर्ण बसला नव्हता. मेंदूच्या वाटा ठीक आहेत, पण आंधळी आजी नातीवर माया करतेच ना? बहिरी करते ना? मग मीच अशी का?

पुढे जे झालं ते आणखी विचित्र. बारशाच्या दिवशी घर भरलं होतं. बाळाचं नाव ठेवलं, पण सगळे तिला रिंकूच म्हणतात. पंगत बसली. आनंदाबाईंनी स्वतः केलेले मेथीचे लाडू आणले होते, आणि कौतुकानं पहिला लाडू माझ्या तोंडात घातला, “घ्या विहीणबाई.” आणि अचानक, इतक्या दिवसांनी, मला वास आला! क्षणभर इतका आनंद झाला. दुसऱ्याच क्षणी तो ओसरला. तो वास जळक्या टायरचा होता, गटारीचा होता, दोन्ही एकत्र. मी तोंडावर पदर धरून मोरीकडे धावले. सगळ्या पंगतीनं पाहिलं. आनंदाबाईंचं तोंड उतरलं. त्या मोठ्यानं काही बोलल्या नाहीत, पण शेजारणीला म्हणाल्या, ते मला ऐकू आलं, “आमच्या हातचं चालत नाई वाटते.”

डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. मी म्हणाले, चांगलं? ते म्हणाले, पेशी उगवू लागल्या. नाकात वास टिपणारे चारशेच्या आसपास प्रकारचे ग्राहक असतात. एका वासाला एकच ग्राहक नसतो, पेटीवर सूर जुळवताना तीन-चार पट्ट्या एकदम दाबाव्यात तसे अनेक एकत्र वाजतात, आणि त्या मेळाला मेंदू म्हणतो, ही कॉफी, हा कांदा. तुमच्या काही पट्ट्या आल्या, काही अजून मुक्या आहेत. नव्या तारा कुठे कुठे चुकीच्या जागीही जुळल्या असतील. त्यामुळे सूर बेसूर येतो. भाजलेलं, तळलेलं, कांदा, लसूण, कॉफी हे सगळ्यात वाईट येईल. रोज दोन वेळा लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी हुंगा, मन लावून, आणि तो वास पूर्वी कसा होता ते आठवा. महिनोन् महिने.

मी हुंगत बसायची. ह्यांनी चार बाटल्या धुऊन दिल्या होत्या. लवंगेच्या बाटलीत मला ओलं पोतं यायचं. गुलाबात काहीच नाही.

आणि रिंकू? तिलाही आता वास होता. तोच. दुधाचा, तेलाचा आणि तिचा मिळून माझ्या नाकात तो जळका टायर व्हायचा. मी तिला घेतलं की माझ्या चेहऱ्यावर जे उमटायचं ते मला आवरता येत नव्हतं. प्रेरणा ते पाहायची. सव्वा महिना झाल्यावर अमरराव न्यायला आले. ती गाडीत बसली, मी खिडकीतून म्हणाले, “पोचल्यावर फोन करजो.” तिनं केला. पण दोन वाक्यांचा.

नंतर बरेच महिने मी कारंज्याला गेले नाही. कारण सांगते. ढाबा. सकाळपासून रात्रीपर्यंत कांदा तळला जातो, लसणाची फोडणी होते, तंदूर पेटलेला असतो. जगातल्या सगळ्या वाईट वासांचा, म्हणजे माझ्यासाठी वाईट, तिथे मेळावा. फोनवर मी म्हणायची, “बरं वाटत नाई.” प्रेरणा म्हणायची, “बरं.” हे म्हणायचे, “चाल न.” मी म्हणायची, “पुढच्या महिन्यात.” माझं वजन उतरलं होतं. दहीभात आणि काकडी खाऊन जगत होते. वर्गात फळ्यासमोर उभी राहून मी नाकाची आकृती काढायची आणि मध्येच थांबायची, आपण काय शिकवतो आहोत असं होऊन.

मग एकदा फोनवर मागून रिंकूचं रडणं ऐकू आलं. प्रेरणा म्हणाली, दात येऊन राह्यले. ताप आहे. झोपत नाही, कोणाजवळ राहत नाही. आवाज थकलेला होता. तिनं ‘ये’ म्हटलं नाही. तिनं म्हटलं नाही, याचंच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी टाकली. इखार सरांनी कारण विचारलं नाही, त्याबद्दल आज त्यांचे आभार मानते. वर्धेला बस बदलली, आर्वीवरून कारंज्याला उतरले. ढाब्यासमोर ट्रक उभे होते, आत मोठ्या कढईत कांदा पडत होता. मी नाकाला रुमाल लावला आणि सरळ मागे घरात गेले.

प्रेरणा बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होती. मला पाहून थांबली. मी हात पुढे केले. रिंकू त्या वयात परक्या माणसाला पाहून आणखी रडायची, आनंदाबाईंनी तसं सांगितलंही. पण ती माझ्याकडे आली. माझ्या मानेत तोंड खुपसलं, तिथे थोडा वेळ नाकानं फुसफुस केलं, हुंदके देत देत गप्प झाली आणि झोपली.

आनंदाबाई म्हणाल्या, “अगं माय! तिले तर वास ओळखू येते आजीचा.”

शिक्षिका म्हणून प्रामाणिकपणे सांगते, याला माझ्याकडे पुरावा नाही. तान्ही लेकरं आईचा वास ओळखतात, हे अभ्यासलं गेलं आहे. आजीचा, आणि तोही इतक्या महिन्यांनी? कदाचित ती थकली होती म्हणून झोपली. आणि माझा वास कसा असतो, हे मला तरी कुठे माहीत आहे? स्वतःचा वास कोणाला येत नाही, नाकाला त्याची सवय झालेली असते.

मी खाटेवर बसले, ती माझ्या मानेशी. बाहेरून फोडणीचे भपके येत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पोटातून उमासे येत होते, ते मी दाबत होते. रुमाल लावायला हात मोकळा नव्हता. बराच वेळ गेला. प्रेरणा समोर येऊन बसली.

“आई, खरं सांग. आता कसा वास येते तिचा तुले?”

मी खोटं बोलणार होते. मग म्हटलं, कशाला?

“जळल्या टायरसारखा.”

ती हसली. फस्सकन हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला.

“अन् तरी धरून बसली?”

“मंग काय करू? नात हाय माही.”

प्रेरणानं माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. तिच्या केसांनाही ढाब्याचा वास होता, म्हणजे मला तो कसा येत होता ते सांगत नाही. आनंदाबाईंनी उठून ढाब्याकडचं दार लावून घेतलं आणि माझ्यासाठी, न विचारता, साधा दहीभात कालवून आणला.

आज काय स्थिती आहे, असं तुम्ही विचाराल. लवंग परत आली. लिंबू आलं. गुलाब अर्धा. कांदा अजून घाण येतो, पण जेवता येतं. रिंकू आता पळते, आणि तिला मातीचा, बिस्किटांचा, घामाचा वास येतो. तो मला बरोबर येतो, निदान मला तसं वाटतं. पण नवजात बाळाच्या टाळूचा तो वास, ज्याला सगळे अहाहा म्हणाले, तो मला कधीच आला नाही आणि तिच्यापासून आता येणारही नाही. माझं नाक दुरुस्त होईपर्यंत तो वास निघून गेला. त्याची हळहळ आहे. आणि तो न मिळताही मी तिची आजी झाले, हे कसं झालं, ते मला कळलेलं नाही. प्रेरणाच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे. सेवानिवृत्तीनंतर वेळ मिळेल असं म्हणतात.

फार बोलले. अध्यक्षबाईंनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं ते माझ्या लक्षात आलं आहे. या शाळेनं मला उभं राहायला फळा दिला, ऐकायला वर्ग दिले, आणि आज हा सत्कार दिला, त्याबद्दल संस्थेची, सहकाऱ्यांची आणि पालकांची मी ऋणी आहे. प्रेरणा, आनंदाबाई, तुम्ही कारंज्याहून आलात, तुमचे आभार मानले तर तुम्ही रागावाल, म्हणून मानत नाही. शाळेचं बोलायचं सोडून घरचं बोलले, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, शब्द इकडचा तिकडे झाला असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या.

आणि विद्यार्थ्यांनो, परीक्षेत मात्र पुस्तकात आहे तेच लिहा. नाकानं वास येतो, जिभेनं चव कळते. त्याला पूर्ण गुण आहेत. बाकीचं तुम्हाला पुढे, ज्याच्या त्याच्या घरी, शिकायला मिळेलच.

नमस्कार.